एमडी सुटली, आवाज थांबले. मग गोळ्या कशाला?

प्रश्न : माझा २४ वर्षांचा धाकटा भाऊ वर्षभर एमडी हा अमली पदार्थ ओढत होता, हे आम्हाला फार उशिरा कळले. सलग तीन रात्री जागून त्याने खिडक्यांना कागद चिकटवले आणि शेजारी पाळत ठेवतात, असे म्हणत आईच्या अंगावर धावून गेला. दहा दिवस रुग्णालयात राहून तो घरी आला असून त्याला भासणारे आवाज आता ऐकू येत नाहीत. नातेवाईक म्हणतात, नशा उतरली, गोळ्या बंद करा. त्याला स्किझोफ्रेनिया झाला आहे का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : स्किझोफ्रेनियाचा, म्हणजे भास आणि संशय दीर्घकाळ टिकणाऱ्या मानसिक आजाराचा, शिक्का आजच मारणे घाईचे ठरेल. एमडी, म्हणजे मेफेड्रोन, मेंदूतील डोपामीन हे रसायन एकाएकी वाढवते आणि त्यात जागरणाची भर पडली की संशय, कानात आवाज, त्वचेखाली किडे वळवळल्याचा भास अशी लक्षणे दिसू लागतात. नशा पूर्ण थांबल्यावर ती बहुतेकांमध्ये काही दिवसांत किंवा आठवड्यांत ओसरतात. ती महिन्याहून अधिक टिकली, किंवा नशेला हात लावण्यापूर्वीच सुरू झालेली असली, तर मात्र मूळ मानसिक आजाराचा विचार करावा लागतो. काहींमध्ये तो पुढे काही वर्षांनी उघड होतो, म्हणून तपासणी चालू ठेवावी.

ओलान्झापीन, रिस्पेरिडोन यांसारख्या गोळ्या भास आणि संशय आटोक्यात आणतात. त्या कधी व कशा कमी करायच्या, हे मनोविकारतज्ज्ञांनीच ठरवायचे असते, नातेवाइकांनी नव्हे. परंतु या गोळ्यांनी नशेची ओढ जात नाही, आणि ती घालवणारे खात्रीचे औषध आजही उपलब्ध नाही; तिथे नियमित समुपदेशनच उपयोगी पडते. नेमका हाच भाग घरोघरी मागे पडतो, असा माझा अनुभव आहे. एकदा असा झटका येऊन गेलेल्याला पुढे थोड्याशा मात्रेनेही तो पुन्हा येऊ शकतो. लघवीच्या नेहमीच्या तपासणीत मेफेड्रोन बहुधा सापडत नाही, तेव्हा केवळ ‘निगेटिव्ह’ अहवालावर विसंबू नका.

संशय पुन्हा डोके वर काढू लागला, तर त्याच्याशी वाद घालू नका आणि होकारही देऊ नका. ‘तुला भीती वाटते आहे, हे मला दिसते’ एवढेच शांतपणे म्हणा. तो अंगावर आला, अंग तापले किंवा छातीत दुखू लागले, तर थेट रुग्णालय गाठा.

पुढच्या भेटीला जाताना दोन तारखा लिहून न्या : त्याने शेवटची एमडी कधी घेतली आणि शेवटचा आवाज कधी ऐकला. तुमच्या प्रश्नाचे उत्तर शोधताना डॉक्टर या दोन तारखांमधले अंतर सर्वांत आधी पाहतील.