फिलिपिन्सचे माजी पोलीसप्रमुख पॅन्फिलो लॅक्सन यांनी निवडून न येता कधी सरकारी पद सांभाळले आहे का?

होय, डिसेंबर 2013 मध्ये राष्ट्राध्यक्ष बेनिग्नो अक्विनो तिसरे यांनी त्यांना हैयान चक्रीवादळानंतरच्या पुनर्वसनाचे प्रमुख नेमले आणि फेब्रुवारी 2015 पर्यंत ते त्या पदावर होते. लष्करी अकादमीच्या 1971 च्या तुकडीतून कॉन्स्टॅब्युलरी या तत्कालीन निमलष्करी पोलीस दलात दाखल झालेले लॅक्सन 1999 ते 2001 या काळात राष्ट्रीय पोलीस दलाचे प्रमुख होते, आणि पुढे 2001 पासून सलग बारा वर्षे सेनेटर. त्यांची सार्वजनिक कारकीर्द नोंदींतून सहज पडताळता येते. मात्र पुनर्वसनाचे हे पद नावाला मोठे असले, तरी त्याचे अधिकार मुख्यतः समन्वयाचे होते. प्रत्यक्ष निधी आणि अंमलबजावणी संबंधित खात्यांकडेच राहिली, आणि माझ्या मते त्यांच्या कामाचे मूल्यमापन करताना हे विसरले जाते.