धार लावली, आता सुरी ठेवू कुठे?

मागच्या लेखात धारेच्या दगडावर घरच्या घरी सुरी कशी पाजवायची ते सांगितलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत आनंद कमी आणि धास्ती जास्त. सुरी आता खरंच कापते, म्हणून घरातले घाबरलेत! वीस-बावीस वर्षं हॉटेलच्या किचनमध्ये काढली. भाजी चिरताना बोट कापून घेतलेले लोक पुष्कळ पाहिले, पण त्याहून जास्त पाहिले ते काहीच चिरत नसताना कापलेले. कोणी कप्प्यात चाचपडताना, कोणी फेसाच्या पाण्यात हात घालताना, कोणी ओट्यावरून घरंगळलेली सुरी झेलताना. म्हणून आजची सगळी उत्तरं सुरी हातात नसतानाची आहेत.

ट्रॉलीच्या एकाच कप्प्यात सुऱ्या, सोलाणं, कालथे, लाटणं असं सगळं आहे. दगडावर लावलेली धार पंधरा दिवसांत गेली. सुरीची प्लास्टिकची कव्हरं मिळतात ती घ्यावीत का? माप कसं बघायचं? (कोथरूड, पुणे)

कप्पा ओढला की आतलं सगळं पुढे धावतं, ढकलला की मागे. दिवसातून वीस वेळा सुरी कालथ्यावर आपटत असेल तर धार पंधरा दिवस टिकली हेच नवल. धार म्हणजे पात्याची केसाहून बारीक कड. पोलादावर पोलाद आपटलं की ती कड आधी दुमडते, मग तिचे टवके उडतात. भाजी चिरून ती इतक्या लवकर बिघडत नाही.

तेव्हा कव्हर जरूर घ्या. दुकानात बहुतेकदा फक्त लांबी विचारतात, आणि घोटाळा होतो तो रुंदीत. मुठीला लागून पात्याची जी टाच असते तिथे पातं सगळ्यात रुंद असतं, ती रुंदी पट्टीने मोजा. आठ इंची शेफ नाइफ असेल तर लांबी साधारण 20 सेंटिमीटर आणि टाचेशी रुंदी साडेचार ते पाच सेंटिमीटर भरते. कव्हर पात्यापेक्षा सेंटिमीटरभर लांब चालेल, आखूड मात्र नको. टोक बाहेर डोकावणारं कव्हर हे कव्हर नसण्यापेक्षा वाईट, कारण आपण त्याच्या भरवशावर बिनधास्त हात घालतो. काही जाड सुऱ्यांना टाचेपाशी पोलादाचा गठ्ठू असतो, त्या साध्या कव्हरात पूर्ण शिरत नाहीत. म्हणून जमलं तर सुरी कागदात नीट गुंडाळून दुकानात घेऊन जा आणि बसवूनच बघा.

कव्हरं दोन तऱ्हेची असतात. एक नुसती पन्हळीसारखी, धारेवरून सरकवायची. दुसरं पुस्तकासारखं उघडतं आणि टिचकन मिटतं, त्यात आतून बऱ्याचदा मखमलीसारखं अस्तर असतं. घरातल्या छोट्या सुऱ्यांना पहिलं पुरतं. चढवताना कव्हर हातात उभं धरून त्यात सुरी खुपसायची नाही. सुरी ओट्यावर आडवी ठेवा, एका हातात मूठ, दुसऱ्या हाताने कव्हर बंद बाजूने धरा आणि धारेवर सरकवा. उघड्या तोंडापाशी बोट नको. बसल्यावर परीक्षा घ्या: खाली जाड टॉवेलची घडी, मूठ वर, कव्हर खाली, आणि हलका झटका द्या. कव्हर गळून पडलं तर ते तुमच्या सुरीचं नाही.

आणि काटकसर म्हणून एका कव्हरात दोन छोट्या सुऱ्या कोंबू नका. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत हे म्हणणाऱ्यांनी नुसतं राजकारण पाहून म्हटलं नसावं.

विकतचं नको असेल तर आपल्याकडे एक झकास पर्याय आहे. कॉलेजात प्रोजेक्ट सादर करताना स्टिक फाइल वापरायचे, तिची ती लांब प्लास्टिकची पट्टी. अप्पा बळवंत चौकात स्टेशनरीच्या कुठल्याही दुकानात मिळेल. मापाने कापा आणि फळं चिरायच्या पातळ सुरीच्या धारेवर चढवा, घट्ट बसते. मोठ्या सुरीसाठी जाड पुठ्ठा घ्या. पुठ्ठ्याची घडी पात्याच्या पाठीकडे ठेवायची आणि धारेकडच्या उघड्या बाजूला, दोन पदरांच्या मध्ये, पुठ्ठ्याचीच आणखी एक अरुंद पट्टी घालून मग चिकटपट्टी लावायची. ती मधली पट्टी विसरलात तर आठवड्यात धार चिकटपट्टी कापून बाहेर येते. चामड्याची म्यानं शिवणारेही शिवणीच्या आत अशीच एक पट्टी घालतात. पुठ्ठा ओला झाला की लगेच टाकायचा, दुसरा करायला पाच मिनिटं लागतात.

कामाला येणाऱ्या मावशींचा हात बेसिनमध्ये कापला. सासूबाई म्हणतात, "नको ती धार, आमच्या वेळी बोथट सुरीनेच जन्म गेला." त्यांना काय सांगू? (ठाणे)

सासूबाईंना काही सांगू नका. पिकलेला टोमॅटो द्या आणि जुनी सुरी द्या. बोथट सुरीला जोर लावावा लागतो, ती सालीवरून घसरते आणि तो सगळा जोर बोटावर येतो. पण तुमच्याकडे जे झालं त्यात धारेची चूक नाही, बेसिनची आहे. फेसाखाली पडलेली सुरी दिसत नाही. आमच्या किचनमध्ये नव्या पोराने सुरी बेसिनमध्ये टाकली तर शिव्या खाव्या लागायच्या, त्यात वरिष्ठ-कनिष्ठ कोणी नव्हतं.

घरात नियम एवढाच: ज्याने चिरलं त्याने सुरी धुवायची, पुसायची, कव्हर घालायचं, तिथल्या तिथे. मावशींच्या वाट्याला सुरी येताच कामा नये. धुताना घासणी पात्याच्या पाठीकडून धारेकडे न्या, धारेच्या रेषेवरून हात फिरवायचा नाही. चमच्यांच्या जाळीत टोक वर करून वाळत ठेवायची नाही. भांडी धुवायच्या मशीनमध्येही नको, तिथे पाण्याच्या झोताने सुरी शेजारच्या भांड्यांवर आपटत राहते. आणि हातातून सुटली तर झेलू नका. पाय मागे घ्या, पडू द्या. फरशीचा टवका परवडतो.

मावशींना टाके पडले असतील तर त्या दिवसांचा पगार कापू नका, हे विचारलेलं नसताना सांगते.

गावच्या लोहाराकडून घडवलेली सुरी आहे. जपून राहावी म्हणून प्लास्टिकच्या कव्हरात घालून ठेवली. गणपतीत काढली तर सगळी गंजलेली. कव्हरामुळे गंज येतो का? (चिपळूण)

कव्हरामुळे नाही, कव्हरात कोंडलेल्या ओलीमुळे. लोहाराची सुरी बहुधा साध्या पोलादाची असते, अनेकदा जुन्या गाडीच्या स्प्रिंगच्या पाट्याची. न गंजणाऱ्या पोलादात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असतं, त्याचा एक अदृश्य पापुद्रा पात्यावर धरतो आणि हवा-पाणी अडवतो. तुमच्या सुरीला ते कवच नाही. त्यात चिपळूणचा पावसाळा आणि कोकणातली खारी हवा! मिठाच्या संगतीत तर न गंजणाऱ्या म्हणवणाऱ्या पात्यावरही बारीक टिपके पडतात.

म्हणून क्रम पाळा. सुरी धुतली की कोरड्या फडक्याने पुसायची, मग पंधरा-वीस मिनिटं उघड्यावर ठेवायची. मूठ आणि पातं जिथे जुळतं त्या फटीत पाणी राहतं, ते तेवढ्यात सुकतं. मगच कव्हर. पावसाळ्याचे चार महिने ती कव्हरात पडूनच राहणार असेल तर आधी तेलाचा हात फिरवा. शेंगदाण्याचं तेल नको, काही दिवसांनी ते चिकट होऊन बसतं. औषधाच्या दुकानात लिक्विड पॅराफिन मिळतं ते उत्तम, नाहीतर खोबरेल. जपानी लोक याच कामाला कॅमेलियाच्या बियांचं तेल वापरतात. दर पंधरा दिवसांनी काढून बघा. अस्तराचं कव्हर कोकणात घेऊच नका, ते अस्तर ओल धरून बसतं. चामड्याचं म्यान दिसायला राजेशाही असलं तरी त्याचंही तेच, शिवाय चामडं कमावताना वापरलेले क्षार पोलादाला मानवत नाहीत. प्रवासापुरतं ठीक, मुक्कामाला नको.

आता एक दिलासा. कैरी, कोकम, लिंबू कापल्यावर पातं निळसर-करडं पडतं, तो गंज नव्हे. तो डाग राहू द्या, तोच पुढे पात्याला थोडाफार सांभाळतो. नारिंगी-तांबूस, बोटाला लागणारा असेल तर तो गंज, तो बारीक घासणीने तेल लावून काढा. फणस कापताना मात्र कव्हराचा विचार नंतर करा, आधी पात्याला तेल लावा, नाहीतर चीक लागलेली सुरी कव्हरात घालून तुम्ही दोन्ही एकमेकांना कायमचे चिकटवाल.

मुलगी ओसाकाला असते. तिने आणलेल्या जपानी सुरीबरोबर लाकडी म्यान आणि छोटी लाकडी खुंटी आहे. पावसाळ्यात सुरी त्यात अडकते. म्यान घासून सैल करू का? (नाशिक)

अजिबात घासू नका! त्या म्यानाला साया म्हणतात. चांगला साया बहुधा होनोकी नावाच्या झाडाच्या लाकडाचा असतो, ते मॅग्नोलियाचंच एक भावंड. लाकूड मऊ, धारेला इजा न करणारं, पण लाकूडच. दमट हवेत फुगतं, हिवाळ्यात आपोआप सैल होतं. आज घासलंत तर जानेवारीत सुरी त्यातून निसटेल. तोवर ती दुसऱ्या कव्हरात ठेवा, आणि साया पंख्याखाली, उन्हात नव्हे. साया धुवायचा नाही. ती खुंटी आरपार भोकातून जाऊन टाच अडवते, म्हणजे म्यान उलटं झालं तरी सुरी घसरत नाही. हरवली असेल तर बांबूची काडी तासून नवी करा.

या सुरीला म्यान लागतंच, त्याचं कारण तिच्या कठीणपणात आहे. पोलादाचा कठीणपणा रॉकवेल मापात मोजतात. जर्मन धाटणीच्या सुऱ्या साधारण 56 ते 58 भरतात, जपानी बऱ्याचदा 60 च्या वर. कठीण पातं अधिक बारीक धार धरतं आणि ती जास्त दिवस टिकते, पण आपटलं तर दुमडत नाही, सरळ तुटतं. कप्प्यातला एक धक्का आणि धारेला चंद्रकोर. हिने नारळ फोडू नका, हाडं तोडू नका, फ्रीजरमधला दगड झालेला मटार सुटा करू नका. चिरायला लाकडी पाट घ्या, काचेचा किंवा ग्रॅनाइटचा ओटा नव्हे.

भिंतीवरची चुंबकाची पट्टी चांगली की लाकडी ठोकळा? घरात चार वर्षांचा मुलगा आहे. (छत्रपती संभाजीनगर)

मूल चार वर्षांचं असताना दोन्ही नकोत. ठोकळा ओट्यावर असतो आणि ओट्यापर्यंत स्टूल पोहोचतं. कव्हर घातलेल्या सुऱ्या, वरचं कपाट, कपाटाला कडी. कव्हर हे मुलांसाठीचं कुलूप नाही, मुलगा ते तुमच्यापेक्षा लवकर काढेल. पुढे कधी पट्टी लावलीत तर सुरी लावताना आधी पाठ टेकवायची, मग पातं हलकेच आडवं करायचं. काढताना आधी धार भिंतीपासून सोडवायची आणि पाठीवर टेकवून उचलायची. धारेने खेचली की धार गेली. ठोकळ्याच्या उभ्या फटीत सुरी सरकवताना धार वरच्या बाजूला ठेवा, आणि त्या फटी आतून साफ करता येत नाहीत एवढं लक्षात असू द्या.

मुलगा हॉटेल मॅनेजमेंटच्या पुढच्या शिक्षणासाठी इंग्लंडला चाललाय. सुऱ्यांचा संच नेऊ का नको? पोलीस पकडतील का? (नागपूर)

विमानात केबिन बॅगेत सुरी चालत नाही, चेक-इन बॅगेतच. तिथेही प्रत्येक पात्याला घट्ट कव्हर, मग कापडी गुंडाळीत, कारण तपासणीसाठी बॅग उघडणाऱ्याचा हात आत जातो. इंग्लंडमध्ये सार्वजनिक ठिकाणी रास्त कारणाशिवाय सुरी बाळगणं गुन्हा आहे, सूट आहे ती फक्त तीन इंचांपर्यंतच्या पात्याच्या, लॉक न होणाऱ्या घडीच्या चाकूला. काम हे रास्त कारण धरलं जातं. तरी संच गुंडाळलेला, बॅगेच्या तळाशी, घरून कॉलेज आणि कॉलेजहून घर. वाटेत मित्राच्या वाढदिवसाला तोच संच घेऊन जायचं नाही. आपल्याकडे शस्त्रांच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे, पण घरकामाची, शेतीची अवजारं त्यातून वगळली आहेत. अर्थात रात्री अकराला रिक्षा स्टँडवर हे पोलिसाला पटवत बसण्यापेक्षा कव्हर आणि कॉलेजचं ओळखपत्र बरं.

तुम्ही सुरीचंच सांगता. आमच्याकडे आजही आडाळ्यावरच (विळीवरच) मासे कापतात. त्याला काय घालायचं? (कुडाळ)

माझ्या आजीची विळी काम झालं की भिंतीकडे पातं करून आडवी पडायची, उघडी विळी तिने कधी कोणाला ओलांडू दिली नाही. तुमच्या आडाळ्याला बागेतल्या पाण्याच्या पाइपचा वीतभर तुकडा घ्या, लांबीने एका बाजूने चिरा आणि पात्याच्या वळणावर चढवा. प्लास्टिकचं कव्हर सरळ असतं, पाइप वाकतो. खवणीच्या दात्यांवर वेगळा छोटा तुकडा, नाहीतर कापसाचं जाड फडकं दोरीने बांधा. माशाचं पाणी आणि खवले पाइपात अडकून वास येतो, म्हणून तो रोज धुवून उलटा टांगायचा. कोयत्याला आणि करवतीलाही हाच पाइप चालतो.

आणि खंडेनवमीला विळ्या-सुऱ्या पूजेला मांडाल तेव्हा त्यांतली कामातून गेलेली एखादी निघेलच. ती कचऱ्याच्या पिशवीत तशीच टाकू नका. पुठ्ठ्यात गुंडाळा, चारी बाजूंनी चिकटपट्टी लावा, वर मोठ्या अक्षरांत "सुरी आहे" असं लिहा आणि शक्यतो भंगारवाल्याच्या हातात द्या. कचरा वेचणाऱ्या बाईला पिशवीच्या आतलं दिसत नाही.