व्हायोलिन घेताना बो (वाजवायचा गज) विसरू नका

आत 'स्ट्रॅडिव्हेरियस' (एका नामांकित इटालियन कारागिराचं नाव) लेबल दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका. कारखान्यात बनलेल्या असंख्य व्हायोलिनांत ते चिकटवलेलं असतं. ब्रिज (तारा पेलणारी घोडी) आणि साउंडपोस्ट (आतला उभा लाकडी खुंट) नीट बसवलेत ना, एवढं दुकानदाराकडून तपासून घ्या.

खरा वेळ बो निवडायला द्या. नवखे नेमके इथेच हात आखडतात. एकाच व्हायोलिनवर तीन-चार बो वाजवून बघा. बोवरचे केस ताणून मुठीकडून टोकाकडे एक डोळा मिटून पाहा, काडी बाजूला वळत असेल तर सरळ नाही म्हणा. वजन ६० ग्रॅमच्या आसपास हवं. पर्नाम्बुको महाग, शिवाय त्या लाकडाच्या व्यापारावर निर्बंध. सुरुवातीला कार्बन फायबर घ्या, आपल्या पावसाळी दमटपणाचा त्याला त्रास नाही. (विक्रेता नाक मुरडेल, मुरडू दे.) आणि आठवडाभर घरी वाजवायला देतात का, ते बेधडक विचारा.