गियर सुटतो, आणि विकणारा म्हणतो क्लच गेला

प्रश्न : पाटण तालुक्यात राहतो. जुन्या गाड्या विकणाऱ्या एका डीलरकडून यंदा सहाचाकी ट्रक ११ लाख ४० हजारांना घेतला. ‘इंजिन व गियरबॉक्स, ६ महिने किंवा २०,००० किलोमीटर’ अशी वॉरंटी त्याने शिक्का मारून लिहून दिली आहे. मुदत अजून संपलेली नाही. गाडी मी स्वतः चालवतो, पुतण्या सोबत असतो. कराड-चिपळूण भाडं असतं. हल्ली कुंभार्ली घाट उतरताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की तिसरा गियर सुटतो, लिव्हर आपोआप न्यूट्रलला येते. डीलर म्हणतो, ‘क्लच गेलाय, क्लच वॉरंटीत नाही, वर तुम्ही ओव्हरलोड भरता.’ आता फोनही घेत नाही. गावचा मिस्त्री गियरबॉक्स उतरवायला तयार आहे. उतरवू का? हप्ता चालू आहे.

उत्तर : दादा, आधी ती गाडी घाटात नेणं थांबवा. भरलेली गाडी उतरताना इंजिनच तिला धरून ठेवतं. गियर सुटला की सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात आणि तापलेल्या ड्रमवर लायनरची पकड जाते. उतारावर वेग वाढलेला असताना गियर पुन्हा बसवणं मुरलेल्या ड्रायव्हरलाही जमेलच असं नाही. लिव्हर हाताने दाबून धरून घाट उतरणारे लोक मी पाहिलेत. तसं करू नका. आतला फोर्क, म्हणजे गियर सरकवणारा काटा, आणखी झिजतो आणि स्टिअरिंगवर तुमचा एकच हात उरतो. हप्त्याचा ताण मला कळतो, तरीही तपासणी होईपर्यंत गाडी उभी ठेवा. बिघाड माहीत असून चालवत राहिलात, हा मुद्दा उद्या डीलरच तुमच्यावर उलटवेल. हप्ता मात्र चुकवू नका. फायनान्सवाल्याचा या भांडणाशी संबंध नाही.

आता क्लचचं. कोल्हापुरात माझं आयुष्य गियरबॉक्स खोलण्यात गेलंय, म्हणून हे ठामपणे सांगतो: क्लचची प्लेट झिजल्यामुळे बसलेला गियर सुटत नाही. प्लेट घसरायला लागली की चढाला इंजिनचा आवाज वाढतो पण गाडी ओढत नाही, जळका वास येतो. क्लच पूर्ण सुटत नसेल तर गियर टाकताना कर्रकन वाजतं, रिव्हर्स घालायला झगडावं लागतं. तुमचा गियर नीट बसतो आणि भार उलटा फिरला की बाहेर येतो. अशा वेळी बहुतेकदा स्लीव्ह (गियरला शाफ्टशी जोडणारी सरकती कडी) आणि गियरच्या एकमेकांत अडकणाऱ्या दातांचे कोपरे गोल झालेले असतात. नाहीतर फोर्क झिजलेला असतो, रॉडला खाचेत धरणाऱ्या गोळीची स्प्रिंग ढिली पडलेली असते, किंवा मेनशाफ्टच्या, म्हणजे बॉक्समधल्या मुख्य दांड्याच्या, बेअरिंगला प्ले (सैलपणा) आलेला असतो. हे सगळं गियरबॉक्सच्या पोटातलं आहे, म्हणजे तुमच्या कागदात बसणारं.

बाहेरच्या दोन गोष्टी मात्र आधी बघून घ्या. एक बॉक्स ज्यावर बसतो त्या माउंटिंगचं रबर, दुसरी लिव्हरपासून बॉक्सकडे येणाऱ्या लिंकेजचे (जोडदांड्यांचे) बुश. रबर फाटलं असेल तर पाय काढताच बॉक्स हलतो आणि गियर ओढला जातो. काही न खोलता हे समजतं, खर्चही थोडा.

ते ठीक निघालं तरी मिस्त्रीला बॉक्स उतरवू देऊ नका. त्याच्या हाताबद्दल मला शंका नाही. पण एकदा नट फिरले की ‘बाहेर खोललं, वॉरंटी संपली’ हे वाक्य ठरलेलं. डीलरला स्पीड पोस्टाने, पोच घेऊन, पत्र पाठवा. गाडीचा नंबर, मीटरचं रीडिंग, कोणता गियर कधी सुटतो, एवढं स्पष्ट लिहा. ठरावीक दिवस देऊन दोघांसमक्ष तपासणी मागा आणि वॉरंटी नाकारायची तर कोणत्या अटीखाली, ते लेखी मागा. बॉक्स उघडेल तेव्हा सुरुवातीपासून व्हिडिओ करा. ऑइल स्वच्छ पातेल्यात काढायला सांगा. मॅग्नेट प्लगला काळी पेस्ट असणं नेहमीचंच, पण पोलादाचे तुकडे निघाले तर दात किंवा बेअरिंग गेलंय. ऑइलात पिवळी चकाकी दिसली तर सिंक्रोच्या, म्हणजे गियर बसताना वेग जुळवणाऱ्या, पितळी रिंगा झिजल्यात. काढलेले पार्ट भंगारात जाऊ देऊ नका, जॉबकार्डची प्रत घ्या.

ओव्हरलोडचा आरोप नुसत्या तोंडी बोलण्याने सिद्ध होत नाही. आरसीवरचं एकूण वजन आणि वजनकाट्याच्या पावत्या समोर ठेवा, मालाच्या बिल्ट्या जोडा. कधी खरंच जास्त भरला असेल तर वकिलापासून लपवू नका.

एवढं करूनही तो हलला नाही तर ग्राहक आयोग आहे. ट्रक म्हणजे धंदा, मग आपण ग्राहक कसले, असं समजून पुष्कळ जण घरी बसतात, याचं मला फार वाईट वाटतं. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘व्यापारी हेतू’त धरत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात स्वतः ट्रक चालवणाऱ्याचंच उदाहरण दिलंय. म्हणून स्टिअरिंगवर तुम्हीच असता हे तक्रारीत पहिल्या परिच्छेदात लिहा. राहत्या जिल्ह्यात, म्हणजे साताऱ्याला, तक्रार करता येते. मुदत दोन वर्षं, आणि तुमच्या रकमेला शुल्क ४०० रुपये. गरज पडल्यास आयोग पार्ट प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो, म्हणूनच ते जपायला सांगतोय. त्याआधी १९१५ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. कधी कधी तेवढ्यावरच डीलर फोन उचलतो.

प्रश्न : जुना ट्रक बघतोय. गियरबॉक्स न खोलता कसा पारखावा? (वाचक, माण)

उत्तर : इंजिन थंड असताना जा. न्यूट्रलला सुरू ठेवून ऐका. घरघर येत असेल आणि क्लच दाबताच थांबत असेल तर बॉक्सच्या आतलं बेअरिंग, दाबल्यावरच येत असेल तर क्लचचं रिलीज बेअरिंग. रिकाम्या गाडीची चक्कर मारून समाधान मानू नका, माल भरून चढ-उतार मागा आणि उतारावर प्रत्येक गियरमध्ये पाय काढून बघा. ऑइल कोणतं भरलंय ते विचारा: पितळी रिंगांच्या बॉक्समध्ये जीएल-४ प्रतीच्या गियर ऑइलच्या जागी जीएल-५ प्रतीचं ओतलेलं असेल तर रिंगा खराब होऊ शकतात. डीलर आरटीओकडून अधिकृत आहे का तेही विचारा, १ एप्रिल २०२३पासून तो नियम लागू आहे. आणि वॉरंटी देतो म्हणाला तर ‘गियरबॉक्स’ एवढ्यावर सोडू नका; सिंक्रो, फोर्क, बेअरिंग यांची नावं त्याच्याकडून कागदावर लिहून घ्या.