काम आधी ठरतं की पैसा आधी?

दादा, विकसनशील देश विकासासाठी पैसा कसा उभा करतात आणि त्याचा मेळ कोण घालतं, असं तुम्ही विचारलंय. धुळ्यात जिल्हा नियोजनाच्या कामात माझी बरीच वर्षं गेली, म्हणून खालून सुरुवात करतो.

पैशाच्या वाटा मोजक्याच : कर, देशातलं कर्ज, परदेशी कर्ज-मदत, खासगी गुंतवणूक. अडतं ते कुठला पैसा कुठल्या कामाला लावायचा, इथे.

महाराष्ट्रातल्या बहुतेक पगारपत्रकांवर व्यवसाय कराची कपात दिसते, ती बघा. महिन्याला २००, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २५००. हा कर १९७५ साली लागला तो रोजगार हमीसाठी, म्हणजे मागेल त्याला काम देण्यासाठी, आणि जेवढा जमेल तेवढीच भर सरकारनं घालायची असं ठरलं. १९७७ साली हमीचा कायदा झाला. मुंबईच्या नोकरदाराच्या पगारातून आपल्याकडे दुष्काळात बांधबंदिस्ती आणि पाझर तलाव झाले. कामाला हक्काचा झरा जोडलेला होता, म्हणून ते टिकलं. महाराष्ट्रानं केलेली ही फार मोठी गोष्ट आहे, आणि आपण ती विसरत चाललोय.

आता अमळनेरजवळचं पाडळसे बघा. निम्न तापी प्रकल्पाचं हे धरण नव्वदच्या दशकात सुरू झालेलं. दरवर्षी थोडी तरतूद, तेवढ्यात भाव वाढतात, मग वाढलेल्या खर्चाला पुन्हा सुप्रमा (सुधारित प्रशासकीय मान्यता), पुन्हा वाट. धरण व्हायच्या आशेवर शेतकऱ्याची एक पिढी म्हातारी झाली. आराखडा होता, मागे पैशाची साखळी नव्हती.

देशांचंही असंच होतं. दुसरी पंचवार्षिक योजना १९५६ ला सुरू झाली आणि दोन वर्षांतच परकीय चलन आटलं. १९५८ मध्ये जागतिक बँकेनं मदत देणाऱ्या देशांना एका टेबलावर बसवलं, तेव्हा योजना तगली. श्रीलंकेनं एप्रिल २०२२ मध्ये परदेशी कर्जाची परतफेड थांबवली. कर्ज डॉलरचं, सरकारचं उत्पन्न मात्र बहुतांश रुपयातलं. डॉलर आटले की असा देश उघडा पडतो.

म्हणूनच २०१५ च्या आदिस अबाबा परिषदेत ठरलं की प्रत्येक देशानं विकासाचा आराखडा आणि चारही वाटांचा पैसा एकत्र मांडावा. आपल्याकडे त्याच वर्षी नियोजन आयोगाच्या जागी नीती आयोग आला. त्याच्याकडे विचार आहे, वाटपाची चावी नाही. ती अर्थ मंत्रालय आणि केंद्राच्या करांतला राज्यांचा वाटा सुचवणाऱ्या वित्त आयोगाकडे. मला ही फारकत खटकते.

अभ्यास करायचा असेल तर जिल्हा वार्षिक योजनेची पुस्तिका मिळवा. नव्या कामांची यादी नंतर बघा. आधी चालू कामांचं दायित्व, म्हणजे त्यांना द्यायचा राहिलेला पैसा, किती आहे तो रकाना वाचा.