फोर्कलिफ्टचं रिफ्रेशर ट्रेनिंग आणि रॅकचा वाकलेला पाय

प्रश्न : वाळूज एमआयडीसीत माझं पॅकेजिंगचं छोटं युनिट आहे. दसऱ्याच्या आठवडाभर आधी फोर्कलिफ्ट वळताना मागचं चाक हेल्परच्या पावलावरून गेलं, दोन हाडं मोडली. ऑपरेटर ठेकेदाराचा, त्याचं ट्रेनिंग 2018 मध्ये झालेलं. आता कारखाना निरीक्षकांनी नोटीस देऊन ट्रेनिंगचं रेकॉर्ड मागितलं आहे. रिफ्रेशर, म्हणजे उजळणीचं ट्रेनिंग, दर तीन वर्षांनी लागतं म्हणतात, हे खरं का? कन्सल्टंट म्हणतो, रजिस्टर तयार करून देतो. (याच ऑपरेटरने फेब्रुवारीत रॅकला धडक दिली होती, पण तेव्हा कुणाला लागलं नव्हतं.)

उत्तर : शेंद्र्याहून, चिकलठाण्याहून, जालन्याच्या स्टील कारखान्यांतूनही हाच प्रश्न येतो आणि प्रत्येकाला आकडा हवा असतो. तीन वर्षांचा आकडा अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा संस्थेच्या नियमातला आहे. तिथेही तीन वर्षांनी करायचं असतं ते ऑपरेटरच्या कामाचं मूल्यमापन. रिफ्रेशर मात्र प्रसंग घडला की द्यावंच लागतं : चुकीचं चालवताना दिसला, अपघात झाला किंवा होता होता टळला, मशीन बदललं, कामाची जागा बदलली. तो नियम आपल्यावर बंधनकारक नाही. आपल्या 1948 च्या कारखाने अधिनियमात उचल-यंत्राची तपासणी बारा महिन्यांतून एकदा, असं स्पष्ट लिहिलं आहे. ऑपरेटरच्या ट्रेनिंगला मात्र असा आकडा दिलेला नाही.

तिथे आहे कलम 7अ. कामगारांच्या सुरक्षिततेसाठी 'आवश्यक' ती माहिती, प्रशिक्षण आणि देखरेख भोगवटादाराने, म्हणजे कारखाना ज्याच्या ताब्यात आहे त्याने, पुरवायची. सगळं प्रकरण या 'आवश्यक' शब्दावर फिरणार आहे. म्हणून तुम्ही जे कंसात टाकलंत, तेच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. फोर्कलिफ्ट मागच्या चाकांवर वळते, त्यामुळे वळताना तिचा मागचा भाग बाहेर फेकला जातो. फेब्रुवारीत तोच रॅकला लागला आणि सप्टेंबरात त्याच वळणावर पोराच्या पायावर आला. फेब्रुवारीच्या त्या दिवशी ट्रेनिंग 'आवश्यक' झालं होतं. तुम्ही ऑपरेटरवर ओरडलात आणि विषय सोडून दिलात. तुमच्या फोटोत रॅकचा तो पाय अजून तसाच वाकलेला आहे, त्यावर पिवळा रंग घासलेला दिसतो आणि वर भरलेले पॅलेट आहेत. सात महिने ते डोळ्यांसमोर होतं. 'आम्हाला कल्पना नव्हती' हे आता कुठल्या तोंडाने म्हणणार? आज रॅक रिकामा करा, तारखेसह फोटो काढा, मग पाय बदला.

ऑपरेटर ठेकेदाराचा, हा बचाव चालत नाही. 'कामगार' या व्याख्येत ठेकेदारामार्फत आलेला माणूसही येतो.

रजिस्टरचं तर नावच काढू नका. ट्रेनिंगला हजर म्हणून सही, आणि त्याच दिवशी गेटच्या हजेरीत तो माणूस रजेवर, असं प्रकरण मी स्वतः पाहिलं आहे. ट्रेनिंग न देणं हा एक दोष. खोटा कागद बनवणं हा भारतीय न्याय संहितेखालचा वेगळा गुन्हा, आणि तो तुमच्या सहीने होईल. 2018 नंतर ट्रेनिंग झालं नाही, हे सरळ लिहा. अपघातानंतर काय केलं तेही लिहा, पण ते आधी खरोखर करा. ऑपरेटरला त्या मशीनवरून उतरवा. जाणकार प्रशिक्षकाकडून त्याच गल्लीत, त्याच वळणावर ट्रेनिंग द्या आणि चालवून दाखवल्याची नोंद ठेवा. पुढे दर वर्षी मूल्यमापन करा. खंडेनवमीला सगळे मशीनभोवती जमतातच, तो दिवस त्यासाठी धरा.

शिक्षा किती, हे आज सांगता येणार नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून 1948 च्या कायद्याच्या जागी कामगार-सुरक्षेची नवी संहिता लागू झाली असली तरी तुमचा अपघात त्याआधीचा, म्हणून माझ्या मते जुना कायदाच लागेल. त्यात कलम 92 खाली दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. निरीक्षकांना कळल्यापासून तीन महिन्यांत तक्रार दाखल व्हावी लागते. पण ते दिवस मोजत बसू नका.

हेल्परबद्दल तुमच्या पत्रात फक्त एक ओळ आहे, हे मला खटकलं. त्याची ईएसआयची (कामगार राज्य विम्याची) वर्गणी भरलेली होती का? असेल तर भरपाई तिथून मिळेल. नसेल तर 1923 च्या कामगार भरपाई कायद्याने ती एका महिन्यात द्यायला हवी होती. उशिराला 12 टक्के व्याज आणि सबळ कारण नसेल तर निम्म्यापर्यंत दंडाची रक्कम. आधी तुम्ही भरा, आणि तोही ठेकेदाराचा असेल तर मग ठेकेदाराकडून वसूल करा. तो पोरगा घरी बसून आहे.

नोटीस पंधरा दिवसांची, आणि मला लिहायला तुम्ही अकरा दिवस घालवलेत. उद्या सकाळी मुदतवाढीचा अर्ज हाताने नेऊन द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या.