लेस्टरच्या ताई, एजंटचं तोंडी आश्वासन धरून बसू नका

टीव्ही लायसन्ससाठी (ब्रिटनमध्ये लाइव्ह टीव्ही बघायला लागतो तो परवाना) अधिकारी येणार असल्याचं पत्र आलंय आणि घर भाड्याने देणारा एजंट म्हणतो की लायसन्स भाड्यातच आलं, ही तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. आमच्याकडे हेच घडलं होतं.

येणारा माणूस पोलीस नसतो. वॉरंट नसेल तर त्याला घरात घेण्याची सक्ती नाही. पण संशय आला तर प्रश्न विचारण्याआधी तो रीतसर सूचना वाचून दाखवतो, आणि त्यानंतर दारात सहज बोललेलं वाक्यही पुरावा ठरू शकतं.

आम्हाला खरा फटका बसला तो एजंटच्या ऑफिसमुळे. चावी देताना काउंटरवर तोंडभरून सांगितलं, "बिल्स इन्क्लुडेड, सगळं आलं त्यात." ईमेलने विचारलं तर उत्तर नाही. अधिकारी आला तेव्हा हॉलमध्ये अ‍ॅपवर मराठी बातम्या लाइव्ह चालू होत्या. ह्यांनी एजंटचं नाव सांगितलं, अधिकाऱ्याने शांतपणे फॉर्म भरला आणि सही घेतली. पुढे कोर्टाची नोटीस आली तेव्हा तेच ऑफिस म्हणालं, "आम्ही फक्त गॅस, वीज, पाणी म्हणालो होतो." दंड आणि कोर्टाचा खर्च आमच्या माथी. अजून संताप होतो! कायदा बघणाऱ्याला धरतो, एजंट नामानिराळा राहतो. म्हणून आजच्या आज ईमेल टाका: लायसन्स कोणाच्या नावावर आहे, नंबर काय? उत्तर आलं नाही तर लायसन्स नाही असंच समजा.

तुम्ही फक्त नेटफ्लिक्स आणि यूट्यूबचे जुने व्हिडिओ बघत असाल तर लायसन्स लागत नाही. तसं टीव्ही लायसन्सवाल्यांना ऑनलाइन कळवून टाका. मात्र आपली माणसं इथेच फसतात: चॅनल भारतातलं असलं, मोबाइलवर बघितलं, तरी लाइव्ह म्हणजे लाइव्ह. क्रिकेटची मॅचही त्यात आली. बीबीसी आयप्लेअरला, म्हणजे बीबीसीच्या ऑनलाइन अ‍ॅपला, तर जुना कार्यक्रम बघायलाही लायसन्स हवंच. माझं स्पष्ट मत, घरात कोणी लाइव्ह बघत असेल तर लायसन्स घेऊनच टाका. एप्रिल 2025 पासून वर्षाला 174.50 पाउंड होते, हप्त्यानेही भरता येतात. दंड 1,000 पाउंडांपर्यंत जाऊ शकतो.

घर शेअर करत असाल तर करार बघा. सगळ्यांचा एकत्र करार असेल तर साधारणपणे एक लायसन्स पुरतं. खोलीगणिक वेगळे करार असतील तर ज्याचं त्याने काढायचं.

मी वकील नाही, आणि स्कॉटलंडची पद्धत वेगळी आहे. नोटीस आलीच तर मुदतीत उत्तर द्या आणि सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस या सल्ला देणाऱ्या संस्थेला गाठा, तिथे पैसे पडत नाहीत.